जांभळं फूल आलं? मग तो मलबार नीम नव्हे

प्रश्न : हातकणंगले तालुक्यात बांधावर तीन वर्षांपूर्वी मलबार नीमची 60 रोपं लावली. खोडं वाकडी, यंदा जांभळट फुलं आली. दुकानदार युरिया दुप्पट करून टॉनिक मारायला सांगतो. याच्या बियांचा अर्क सोयाबीनवर चालेल का?

उत्तर : टॉनिकची बाटली आधी परत करा. तुमच्या बांधावर बकाण निंब उभा आहे. युरिया कितीही ओतला तरी झाडाची जात बदलत नाही.

फूल तळहातावर घ्या. पाकळ्या फिकट जांभळ्या आणि मधोमध काळपट जांभळी नळी उभी असेल, तर बकाणच. कडुनिंबाचं फूल लहान, पांढरं, नळीसुद्धा पांढरी; पाडव्याला गुळाबरोबर खातो तोच मोहर. मलबार नीम म्हणजे आपल्या सह्याद्रीतला लिंबारा, तो हिरवट पांढरा फुलतो. पानावरून कडुनिंब लगेच वेगळा निघतो, कारण त्याच्या एकाच दांड्याला दोन्हीकडं पानं असतात. बकाण आणि लिंबारा या दोघांत दांड्याला पुन्हा दांड्या फुटतात, त्यामुळं पिशवीतल्या रोपावर जाणता माणूसही फसतो. म्हणून रोप घेताना ज्याच्या बियांपासून ते रोप केलं, तो फुलावर आलेला मातृवृक्ष दाखवा म्हणावं. टाळाटाळ केली तर तिथून उठा. बिलावर जात लिहून घ्या.

आता अर्काचं. बकाणाची बी नको. ती कडू आहे, किडीवर थोडाफार परिणामही करते, पण आपलं 5 टक्क्यांचं प्रमाण कडुनिंबाच्या निंबोळीवर ठरलेलं आहे. फोडून बघा : निंबोळीच्या पातळ टरफलात बहुधा एकच बी, बकाणाच्या खाचा पडलेल्या टणक आठळीत चार-पाच कप्पे. शिरोळ-हातकणंगल्याकडं कडुनिंबाला तोटा नाही (गगनबावड्याच्या पावसात तो पोसत नाही, तिकडच्यांनी निंबोळी इकडून न्यावी). जून-जुलैत पडलेली निंबोळी भिजण्याआधी वेचा, गर काढून सावलीत वाळवा. बुरशी धरलेली टाकून द्या. वाळलेली निंबोळी कुटून 5 किलो भुकटी रात्रभर 9-10 लिटर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळा, 200 ग्रॅम साबणचुरा वेगळा विरघळवून मिसळा, एकूण पाणी 100 लिटर करा.

100 लिटरला 5 किलोच. 'दहा टाका, रिझल्ट दिसेल' हे दुकानातलं गणित; त्यानं कोवळी पानं करपतात, हे मी कितीतरी शेतांत पाहिलंय. फवारणी ऊन उतरल्यावर करा, उन्हात त्यातला गुण उडतो. अर्क त्याच दिवशी संपवा. आणि अळी लहान असताना मारा; बोटाएवढी झाल्यावर मारून 'निंबोळी चालत नाही' म्हणू नका. निंबोळी रात्रीत मारत नाही, अळीचं खाणं आणि वाढ थांबवते.

बांधावरच्या वृक्षलागवडीला रोजगार हमी योजनेतून (रोहयो) मदत मिळते का, ते विचारा. जॉबकार्ड घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा.

बकाणं सगळी काढायची गरज नाही, सरपणाला येतील. फक्त गोठ्याजवळच्या झाडांचा फुलोरा आताच छाटा. त्याची फळं विषारी असतात. पिवळी होऊन पडली की शेरडं आणि लेकरं आधी पोचतात.