मॉरोविंडचे अधिकृत प्लगइन आज बसवावेत का? आधी कोणता?

अवश्य बसवावेत, २००२ च्या या संगणकीय खेळासाठी तो बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने स्वतः काढलेले हे आठही प्लगइन, म्हणजे खेळात भर घालणाऱ्या छोट्या फाइली, मोफत आहेत.

पहिला मान मी ‘मास्टर इंडेक्स’ला देईन. खेळातील द्वीपावरच्या जुन्या दहा किल्ल्यांच्या दहा निर्देशिका (जादूच्या प्रवासाच्या चाव्या) शोधून काल्डेरा गावातील फोल्म्स मिरेल या पात्राकडे नेल्या की जी एकच निर्देशिका मिळते, तिच्या बळावर अजिंक्यताऱ्यावरून एका पावलात सज्जनगड गाठावा तसे कोणत्याही किल्ल्याच्या प्रोपायलॉन कक्षातून (जादूने दुसरीकडे पोहोचवणाऱ्या दालनातून) दुसऱ्यावर जाता येते. आम्हा सातारकरांना याचे अप्रूप वाटणारच! लढाई हवी असल्यास ‘सीज ॲट फायरमॉथ’ घ्या, मात्र सांगाड्यांनी भरलेल्या त्या किल्ल्यावर नवखे पात्र नेऊ नका.

प्लगइनची फाइल ‘डेटा फाइल्स’ फोल्डरमध्ये ठेवून लाँचरमध्ये (खेळ सुरू करण्याआधी उघडणाऱ्या खिडकीत) तिच्यापुढे खूण करावी.