गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज अचूक कसं काढायचं? कंपनी २२ सांगते, डिस्प्ले १९ दाखवतो, मी एकदा टाकी फुल टू फुल करून काढलं तर १५ येतं. सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडू का?

डिस्प्लेवरचं १९ सोडून द्या. ब्रोशरमधलं २२ त्याच्याही आधी सोडा. तुम्ही टाकी फुल टू फुल करून काढलेलं १५ हेच खऱ्याच्या सगळ्यात जवळ आहे, फक्त एकाच टाकीवर काढलंय म्हणून अजून कच्चं आहे. उत्तर एवढंच. पुढचं लिहायचं कारण म्हणजे या विषयाने आमच्या घरात सहा वर्षांहून जास्त मुक्काम ठोकलाय.

मे २०१९. आम्ही तिघं आणि थोरले साडू-मेव्हणी असे पाच जण गणपतीपुळ्याला निघालो. गाडी माझी, साधी पेट्रोल हॅचबॅक. पेट्रोल अर्धं-अर्धं असं निघतानाच ठरलेलं. पुण्यात टाकी फुल केली, ट्रिप मीटर शून्यावर आणला. कराडला चहाला थांबलो आणि तिथून स्टीअरिंग साडूंनी घेतलं. बसल्याबसल्या त्यांनी अ‍ॅव्हरेजचा आकडा रीसेट केला. मला वाटलं, नवीन गाडी बघतायत, बघू देत.

मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत पालीला पोचलो तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मोबाइलवर डिस्प्लेचा फोटो काढला. २१.६. मागे वळून सगळ्यांना दाखवला. "बघा, माझ्या पायात जादू आहे. तुम्ही उगाच रेस करता."

परत येताना मी चालवत होतो. कॅरियरवर हापूसच्या ६ पेट्या ताडपत्रीत बांधलेल्या, आत एसी चालू (मे महिन्यात बंद ठेवून बघा म्हणजे कळेल), आणि आंबा घाट आता चढायचा. रत्नागिरीतून निघताना १५०० चं पेट्रोल टाकलं होतं, पुण्यात नेहमीच्या पंपावर १८०० चं टाकून टाकी पुन्हा फुल केली. भाव ७८ च्या आसपास होता. एकूण ३३०० रुपये, ४२.३ लिटर, ७१२ किलोमीटर. भागाकार करा: १६.८.

दुसऱ्या दिवशी साडूंचा हिशोब आला. ७१२ भागिले २१.६ म्हणजे ३३ लिटर, गुणिले ७८, अर्धे १२८७. त्यांनी १३०० पाठवले आणि खाली लिहिलं, "वरचे तेरा ठेवून घ्या."

मी पावत्यांचा फोटो पाठवला. त्यावर त्यांचं उत्तर: "मशीन खोटं बोलत नाही." पावतीसुद्धा मशीननेच दिली होती, हे मी कुणाला सांगणार? प्रश्न साडेतीनशे रुपयांचा नव्हता, त्या तेरा रुपयांचा होता. बायको म्हणाली, "साडेतीनशे रुपयांसाठी ताईशी बोलणं बंद करायचंय का?" मी गप्प बसलो. पण त्या रात्रीपासून प्रत्येक फिलिंग लिहून ठेवायला लागलो.

आता २१.६ कुठून आला ते बघा, कारण तुमचा १९ त्याच जातीचा आहे. डिस्प्ले टाकीतलं पेट्रोल मोजत नाही. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारी झडप) किती वेळ उघडा राहिला त्यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो आणि अंतराला त्याने भागतो. हा अंदाज बहुतेक गाड्यांत मालकाला खूश ठेवणाऱ्या बाजूलाच झुकलेला असतो. माझ्या गाडीत तो सहा टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवतो, वर्षभराच्या पावत्यांशी ताडून सांगतोय. तुमच्यात फरक किती आहे तो एकदा काढून ठेवा, मग डिस्प्लेचाही उपयोग होतो.

दुसरी गंमत घाटाची. कराड ते पाली म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि त्यात गाडी देशावरून थेट कोकणात उतरते. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्टर बंद, गाडी फुकटात पळते, आणि बरोबर खाली उतरल्यावर फोटो! जादू साडूंच्या पायात नव्हती, सह्याद्रीच्या उतारात होती. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. माणसं-सामान धरून १३०० किलोची गाडी तेवढी वर आणायला नुसत्या चढाचेच पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जातं. म्हणून पुण्याहून मुंबईला जातानाचं अ‍ॅव्हरेज कुणी कौतुकाने सांगितलं की मी विचारतो, येतानाचं किती? पुणे-कोल्हापूर त्यातल्या त्यात न्याय्य रस्ता आहे. मध्ये खंबाटकी घाट आहे, पण दोन्ही टोकं जवळपास एकाच उंचीवर. मात्र जाऊन-येऊनच धरा.

पद्धत तुम्हाला माहीत आहे (टाकी फुल करा, गाडी चालवा, पुन्हा फुल करा, मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर), त्यामुळे फक्त जिथे लोक चुकतात ते सांगतो. सगळ्यात मोठी चूक "राउंड फिगर". टाकी भरली की नोझल आपोआप कट होतो, आणि पंपावरचं पोरगं विचारतं, "साहेब, राउंड करू का?" आपण मान हलवतो. तिथेच हिशोब मेला. पहिल्या कटला थांबा, १७३३ तर १७३३, सुट्टे नसतील तर यूपीआय कशाला आहे? पंप तोच, मशीन तेच, गाडी त्याच तोंडाने उभी. गळ्यापर्यंत भरून "अचूक" मोजणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा गाडीत असतो, त्यात पेट्रोल शिरलं की हजारोंचं काम निघतं. मध्ये पाचशे-हजारचं टाकलं तर चालतं, बेरजेत धरलं म्हणजे झालं. फक्त सुरुवात आणि शेवट कटवर हवा.

दुसरी चूक सरासरीची सरासरी. ३०० किलोमीटर २० ने गेलात आणि ३०० किलोमीटर १० ने, तर अ‍ॅव्हरेज १५ येत नाही. १५ लिटर अधिक ३० लिटर, ६०० भागिले ४५, १३.३ येतं. म्हणून सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि मग एकदाच भागा. असं निदान ८-१० टाक्यांचं करा. एका टाकीत कटच्या वेळी लिटरभर इकडेतिकडे होतो, दहा टाक्यांत तो विरून जातो.

किलोमीटरही तपासा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर असते, बदलायच्या वेळी १.६ उरते. म्हणजे चाकाची त्रिज्या सहाएक मिलिमीटरने घटते, चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं, आणि ओडोमीटर दोन टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवतो. मी हायवेवर ५० किलोमीटर जीपीएस लावून ताडून पाहिलं, ओडोमीटर ५०.९ म्हणत होता. म्हणजे साडूंचे ३३ लिटर ज्या ७१२ वर उभे होते ते ७१२ सुद्धा पूर्ण नव्हते.

पंपावर मारतात, हे मला पहिल्यांदा साडूंनीच ऐकवलं. "तुमचा पंपवाला मापात पाप करतो." मग मी जाऊन ५ लिटरचं माप मागितलं. ते प्रत्येक पंपावर असतं, वैधमापनचा (मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का असलेलं, आणि गिऱ्हाइकाला मागायचा हक्क आहे. ५ लिटरला २५ मिली इकडेतिकडे चालतं, म्हणजे अर्धा टक्का. आमच्याकडे रेघेवर आलं. "शून्य बघा" असं पंपवाला म्हणतो म्हणून शून्याकडे टक लावून काय होणार, शंका असेल तर माप मागा. पण चोरी धरली तरी २२ चे १५ होत नाहीत. पहाटे भरलं की पेट्रोल दाट मिळतं हेही ऐकलं असेल. टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट आणि दुपार सारखीच.

मग कंपनीचे २२ कुठले? मी कोथरूडला राहतो, एआरएआयची (गाड्या तपासणाऱ्या संस्थेची) टेकडी रोज सकाळी चढतो, तिथेच गाड्यांच्या चाचण्या होतात, त्यामुळे यावर मला जरा जास्तच बोलायचं असतं. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या आराखड्यानुसार पळवतात. साधारण ११ किलोमीटर, २० मिनिटांच्या आत, सरासरी वेग ताशी ३२-३३, कमाल ९०, एसी बंद. इंधनही टाकीतून मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून हिशोब करतात. चाचणी खोटी नाही. एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करायला ती उत्तम आहे. पण त्या रोलरवर चांदणी चौकातला ट्रॅफिकही नाही आणि मागच्या सीटवर मेव्हणीही नाही.

त्यात आता पंपावर ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते. ई-१० शी तुलना केली तर तीनएक टक्के. गाडी ई-२० साठीच बनवलेली असेल तर थोडं भरून निघतं. म्हणून जुन्या गाडीचं २०१५ चं अ‍ॅव्हरेज आठवून आजच्या गाडीला शिव्या घालू नका.

सर्व्हिस सेंटरचं म्हणाल, तर दहा टाक्यांचा कागद हातात असल्याशिवाय जाऊ नका. नुसतं "अ‍ॅव्हरेज देत नाही" म्हटलं की ते टायरमधली हवा बघतील, एअर फिल्टर बदलतील आणि बिल देतील. हवा तुम्ही आधीच बघा. शहरात रोज ४-५ किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर १५ मध्ये काही वावगं नाही, इंजिन गरम व्हायच्या आत घर येतं. हायवेलाही १५ च्या पुढे सरकत नसेल, मग जा.

एक राहिलं. पुण्यातल्या त्या शेवटच्या १८०० मध्ये मीही राउंड करून घेतलं होतं. कट १७३० ला झाला होता, वरचे ७० रुपये म्हणजे ०.९ लिटर. पहिल्या वेळी मात्र कटलाच थांबलो होतो. त्यामुळे खरं अ‍ॅव्हरेज १६.८ नाही, १७.२ आहे. आणि साडूंकडून साडेतीनशे नव्हे, ३१५ येणं आहेत. हे त्यांना सांगितलेलं नाही. ते इथे लिहीत-वाचत नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांनी नवी गाडी घेतली आणि फॅमिली ग्रुपवर डिस्प्लेचा फोटो टाकला, २४.८. फोटोत मागे खोपोलीची पाटी दिसत होती, म्हणजे घाट उतरून झाल्यावरची. मी फक्त अंगठा टाकला. आता त्यांच्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला जायचं ठरलंय, पेट्रोल अर्धं-अर्धं. पंपावर उतरायचं काम मी आधीच मागून घेतलंय.