कॉस्प्लेचे फोटो छान आहेत, पण पैसे कोण देणार?

प्रश्न : मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेली दीडेक वर्षं मित्रमैत्रिणींची पोर्ट्रेट आणि कॉस्प्ले (सिनेमा, कॉमिकमधल्या पात्रांचा वेश केलेल्यांचे फोटो) शूट करतोय. कौतुक होतं, पण पैसे देऊन शूट करून घेणारे मोजकेच. काही मॉडेल आयत्या वेळी येत नाहीत. एकीने सगळ्या रॉ फाइल, म्हणजे एडिट न केलेल्या मूळ फाइल मागितल्या, दुसरीने तीन महिन्यांनी फोटो काढून टाकायला सांगितलं. बाबा म्हणतात, हा छंद आहे, धंदा नव्हे. कॉलेज सोडून पूर्णवेळ फ्रीलान्सिंग करू का? आणि मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घेऊ का?

उत्तर : कॉलेज सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझ्या कामात खोट आहे म्हणून असं म्हणत नाही. सोबत पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. विगच्या पुढच्या बटांची सावली डोळ्यांवर येऊ न देणं भल्याभल्यांना जमत नाही, तुला जमलंय. चिलखत फोमचं असूनही धातूचं वाटतं, कारण तू लाइट समोरून न मारता बाजूने घासून नेलास. हे सगळं स्वतःच्या डोक्याने केलं असशील तर नजर आहे तुझ्याकडे. प्रश्न नजरेचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे.

मी या सल्लागारीत येण्याआधी बरीच वर्षं फ्रीलान्स पोर्ट्रेट करत होते आणि मधूनमधून कॉस्प्लेही. त्यात एक गोष्ट लवकर कळली. कॉस्प्ले करणारा माणूस तुझा ग्राहक नसतो, तो तुझ्यासारखाच कारागीर असतो. त्याने महिनोन्महिने फोम कापलाय, तापवून वाकवलाय, रंगवलाय. विग विंचरून, स्प्रे मारून बसवलाय. त्याचं बजेट कपड्यातच संपलेलं असतं. तुझ्याकडे तो येतो तेव्हा त्याच्या मनात हे दोघांनी मिळून करायचं काम असतं. म्हणून या क्षेत्रात टीएफपीची (टाइम फॉर प्रिंट्स) पद्धत रुळली : मॉडेलने वेळ द्यायचा, फोटोग्राफरने फोटो द्यायचे, पैसे कुणीच कुणाला द्यायचे नाहीत. यात लबाडी कुणाचीच नाही, पण त्यावर घरभाडंही निघत नाही. कॉस्प्ले फोटोंवर पूर्ण पोट भरणारे आहेत, नाही असं नाही. पण त्या थोड्यांकडे बघून हिशेब मांडू नये.

पोर्ट्रेटचं उलटं आहे. तिथे माणूस स्वतःचाच फोटो घ्यायला येतो आणि त्यासाठी पैसे मोजायला तयार असतो : नोकरीसाठी हेडशॉट (चेहरा आणि खांद्यांचा फोटो), नर्तिकेला कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी फोटो, लेखकाला पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी. पण हा माणूस घाबरलेला असतो. कॉस्प्लेअरला आपलं पात्र कसं उभं राहतं, तलवार कोणत्या हातात धरतं, हे तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. हेडशॉटला आलेल्या बाईंना स्वतःच्या हातांचं काय करायचं तेच समजत नाही. पहिली दहा मिनिटं फोटो वाया जाणार हे मी गृहीतच धरायचे. कॅमेरा हातात ठेवून गप्पा मारायच्या, हनुवटी जराशी पुढे आणि खाली घ्यायला सांगायचं, खांदे तिरपे करायचे. ‘स्माइल’ म्हणायचं नाही, त्याने ओठ हसतात आणि डोळे तसेच राहतात. एक गंमत सांगते. चष्मा घालणारी माणसं चष्मा काढायला लगेच तयार होतात आणि मग घरचे म्हणतात, हा तू नाहीसच! काच चमकत असेल तर लाइट थोडा वर घे, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचल. चष्मा राहू दे.

रिटचिंगमध्येही दोन्हीकडे हात वेगळा चालतो. कॉस्प्लेत विगची कड, फोमचा सांधा, कॉन्टॅक्ट लेन्समुळे लाल झालेला डोळा पुसायला हवा, कारण तिथे पात्र खरं वाटायला हवं. पोर्ट्रेटमध्ये तोच हात चालवलास तर त्वचा प्लॅस्टिकची होते. तुझ्या साध्या पोर्ट्रेटमध्ये मला हे दिसलं. आलेली पुटकुळी काढ, पण जन्मापासूनचा तीळ विचारल्याशिवाय काढू नकोस.

आता त्या तीन तक्रारी. त्या तुला तीन वाटतात, मला एकच वाटते. शूटच्या आधी काही लिहिलेलंच नव्हतं. किती वेळ, किती फोटो, एडिट करून कधी मिळणार, रॉ मिळणार की नाही, कुणी कुठे टाकायचे, विकायचे असतील तर काय, हे एका पानावर येतं. रॉ फाइल न देणं ही बहुतेक फोटोग्राफरांची रीत आहे, पण आधी सांगितलं तरच ती रीत, नंतर सांगितलं तर अडवणूक. फोटोचा हक्क कुणाचा हेही कायदा देशोदेशी वेगळं ठरवतो. काही ठिकाणी काढणाऱ्याचा, काही ठिकाणी पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा. म्हणून लिहून ठेव. शिवाय पात्र कुणाच्या तरी मालकीचं असतं, तेव्हा कॉस्प्लेचे प्रिंट विकायला काढण्याआधी विचार कर.

जिने फोटो काढून टाकायला सांगितलं, तिचे काढून टाक. करार असता तरी हेच सांगितलं असतं. तुझ्या पोर्टफोलिओतला एक फोटो जाईल, त्या बदल्यात ती चार जणींना सांगेल की याच्याकडे जायला हरकत नाही. या कामात तरुण मुलाची पारख आधी याच गोष्टीवर होते. तोकडे कपडे पात्राचे आहेत म्हणून हात लावून पोज बदलायची मुभा मिळत नाही. ‘तिथला पट्टा सरळ कर’ असं सांगायचं, आपण करायचा नाही. मॉडेलला सोबत कुणाला तरी आणायला स्वतःहून सांग. अठराच्या आतली असेल तर पालक हवेतच, त्याशिवाय शूट नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिकप्रेमींच्या मेळाव्याने ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ असे फलक लावले, ते काही उगाच नाही. आधी काय काय झालं असेल त्याची कल्पना कर.

आयत्या वेळी न येण्यावर औषध एकच, थोडा अॅडव्हान्स. टीएफपीत तो मागता येत नाही, तिथे आदल्या दिवशी संध्याकाळी एक मेसेज कर आणि कुणी आलं नाही तर चिडून जाहीर पोस्ट लिहू नकोस.

बाबांचं म्हणशील, तर त्यांना फोटो दाखवून काही होणार नाही. ते त्यांनी पाहिलेत. वर्षभर एक वही ठेव. प्रत्येक शूटला प्रवास किती, शूट किती तास, निवड आणि एडिटिंग किती तास, मेसेजची ये-जा किती, हातात काय आलं. बहुतेकदा दोन तासांच्या शूटमागे त्याच्या कितीतरी पट वेळ खुर्चीत बसून जातो आणि नवे लोक दर ठरवताना नेमका तोच विसरतात. टीएफपी महिन्यातून एखादंच ठेव आणि तेही तुला नवं काही करून बघायचं असेल तरच. उरलेले शनिवार-रविवार पैसे देणाऱ्या पोर्ट्रेटसाठी. पदवीच्या शेवटी वहीतला ताशी दर तुझ्या शाखेतल्या पहिल्या नोकरीच्या जवळपास गेला, तर पूर्णवेळाचं बोलणं बाबांशी करता येईल. नाही गेला, तर नोकरी कर आणि शूट चालू ठेव. बरेच चांगले फोटोग्राफर असेच चालले आहेत. दरम्यान सुट्टीत एखाद्या कामकऱ्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून जा. लाइट स्टँड उचलता उचलता तो गिऱ्हाइकाशी फोनवर कसा बोलतो ते ऐक, कोर्समध्ये हे शिकवत नाहीत.

कॅमेरा आता नको. तुझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान) ५० मिमीची f/१.८ लेन्स साधारण ७५ ते ८० मिमीसारखी दिसते, पोर्ट्रेटला तेवढी पुरते. ती लावली की चेहरा फ्रेममध्ये बसवायला तुला आपोआप मागे सरकावं लागेल. तुझ्या दोन फोटोंत नाक मोठं आलंय, ते जवळ गेल्यामुळे, कॅमेऱ्यामुळे नव्हे. पैसे खर्च करायचेच असतील तर लाइट मऊ करणारा एक मोठा सॉफ्टबॉक्स, जास्तीची दोन मेमरी कार्डं आणि बॅकअपसाठी हार्ड डिस्क घे. शूट झालं की कार्ड पुसण्याआधी फोटो दोन ठिकाणी गेलेत ना, ते बघ.