वाचकांचे प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी दाबली तरी उठत नाही

प्रश्न : माझी २०१७ची दीड लिटर पेट्रोल गाडी आहे, टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाची) सहा गिअरची ऑटोमॅटिक. ७८,००० किलोमीटर झालेत. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना किंवा ट्रकला ओव्हरटेक करताना एक्सलरेटर दाबला की सेकंदभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम झटका देऊन पळते. एसी चालू असला की जास्त जाणवतं. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणतात. उघडू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही, इतक्यात नको. हायवेला लागताना गाडीने दगा देणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे दुरुस्ती लांबवू नका. पण ही लक्षणं इंजिनमुळे येतात तशीच गिअरबॉक्समुळेही येतात, आणि दोष कुठे आहे हे काही न उघडता कळतं.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रिकाम्या, सपाट रस्त्यावर जा. टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) दाखवणारा, काटा पाहायला शेजारी कुणाला तरी बसवा, तुमची नजर रस्त्यावरच राहू द्या. गाडी मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्या गिअरला टाका, ताशी ४०चा वेग धरा आणि पेडल हळूहळू पाऊण भागापर्यंत दाबा. तळाला टेकवू नका, कारण तसं केलं की बऱ्याच गाड्या मॅन्युअल मोडमध्येही स्वतःच गिअर खाली टाकतात आणि चाचणी फुकट जाते.

गिअर बांधलेला असतानाही गाडी अडखळली, काटा थरथरला किंवा इंजिन गुदमरल्यासारखं झालं, तर दोष इंजिनात आहे. मॅन्युअलमध्ये गाडी एकसारखी ओढते, पण डी मध्ये (नेहमीच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये) आधी गप्प राहते आणि मग काटा १५००वरून ३५००वर उडी मारतो, तर प्रश्न गिअर खाली टाकण्याचा आहे. तिसरी शक्यता गंभीर : काटा चढतो पण वेग वाढत नाही. तेव्हा गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरत असतात. अशी गाडी जोरात चालवत राहिलात, तर तेल बदलून भागलं असतं तिथे ओव्हरहॉल करावा लागेल.

तुमच्या पत्रातला एसीचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्रेसर इंजिनवर बोजा टाकतो. एसीने फरक पडत असेल तर इंजिनातच ताकद कमी पडत असण्याचा संभव जास्त.

आता ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं उपकरण) किंवा गॅरेजचा स्कॅनर लावा. दिवा लागला नाही म्हणजे कोड (संगणकाने नोंदवलेला दोष) नाही असं नसतं. पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेले, कोड दिवा न लावताही साठलेले असतात. पण कोडपेक्षा लाइव्ह डेटा पाहा, आणि त्यातही फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) जे सांगतो त्यावरून इंजिन किती पेट्रोल वाढवतंय किंवा कमी करतंय, याचा तो आकडा. शॉर्ट (क्षणाक्षणाच्या) आणि लाँग (साठत गेलेल्या) ट्रिमची बेरीज उणे ५ ते अधिक ५ टक्क्यांत असेल तर ठीक. अधिक १०च्या वर गेली तर इंजिनला हिशेबापेक्षा जास्त हवा किंवा कमी पेट्रोल मिळतंय. ती कधी वाढते यावरून जागा सापडते. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल, तर मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपला) किंवा एखाद्या व्हॅक्युम पाइपला गळती आहे. उलट आयडलला ठीक आणि दाबलं की वाढते, तर एअर फ्लो सेन्सर (येणारी हवा मोजणारा) घाण झालाय किंवा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. (एअर फ्लो सेन्सर नसून मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत गळती ट्रिममध्ये अशी दिसत नाही, तिथे आयडलचा आरपीएमच चढलेला राहतो.)

पुढचं काम स्वस्तातून महागाकडे करत जा. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या फ्लॅपपर्यंतचा) रबरी पाइप हाताने वाकवून पाहा. भेग बहुधा खालच्या घडीत असते आणि इंजिन जोर लावताना हललं की उघडते. एअर फ्लो सेन्सर असेल तर एसी बंद ठेवून गरम आयडलला दीड लिटर इंजिनात साधारण २ ते ३ ग्रॅम प्रति सेकंद दिसायला हवेत. साफ करायचा तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा. कार्ब क्लीनर नको, ब्रश तर अजिबात नको, आतली तार केसासारखी असते.

थ्रॉटल बॉडीच्या कडेला काळा थर बसतो आणि अर्धवट पेडलला गाडी दचकते. हे इतकं सर्रास आढळतं की ७८,००० किलोमीटरच्या गाडीत मी ते आधीच गृहीत धरेन. साफ करताना इग्निशन बंद आणि कनेक्टर काढलेला हवा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅप बोटाने ढकलला तर आतले गिअर तुटतात. नंतर स्कॅनरने आयडल लर्निंग (आयडलची जागा संगणकाला नव्याने शिकवणं) करून घ्या, नाहीतर आरपीएम वर-खाली होत राहील.

मग प्लग. जोर लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारणं अवघड होतं, म्हणून कमजोर प्लग आयडलला चांगला वाटतो आणि ओव्हरटेकला मिसिंग मारतो. प्लगच्या टोकांमधला गॅप बऱ्याच गाड्यांत १.० ते १.१ मिलिमीटर असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा पाहून घ्या. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळते आहे. तेव्हा प्लगबरोबर कॉइलचं रबरी बूटही बदला.

इतकं करूनही दाबल्यावर ट्रिम चढत असेल तर पेट्रोलचं प्रेशर मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या) ते साधारण ३ ते ४ बार असतं. आयडलला मोजून समाधान मानू नका. गेज लावून गाडी चालवायला सांगा. पूर्ण दाबल्यावर प्रेशर खाली आलं तर टाकीतला पंप किंवा त्याच्यासोबतचा फिल्टर दोषी.

चाचणीत दोष डी पुरताच निघाला तर गिअरबॉक्सचं तेल पाहा. लाल आणि स्वच्छ असेल तर उत्तम. तपकिरी आणि जळका वास असेल तर बदला. अनेक गाड्यांना डिपस्टिक नसते. तिथे इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला असताना लेव्हल प्लग काढून पातळी पाहतात. गार किंवा जास्त गरम तेलावर पाहिलेली पातळी चुकीची येते. 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर विसंबू नका : झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते. एकदा ड्रेन केल्यावर निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोनदा करा. तेल मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचंच हवं.

प्रश्न : माझी एएमटी गाडी यवतेश्वरच्या चढावर गिअर बदलताना दम टाकते, मान पुढे जाते. हा बिघाड का? — सातारा

उत्तर : थोडं तसं होणारच. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच, फक्त तो दाबायचं काम मशीन करतं. गिअर बदलताना क्लच सुटतो तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही, आणि चढावर गाडी लगेच मंदावते. घाटात मॅन्युअल मोड वापरा, वळणाच्या आधी दुसरा गिअर टाका. सपाटीवर बदलाच्या क्षणी पाय किंचित सैल केला की झटका बराच कमी होतो.

पण पूर्वी नव्हतं आणि आता वाढलं असेल, तर क्लच झिजला आहे. पहिल्या गिअरला थरथर, चढावर जळका वास, रेस वाढते पण गाडी नाही, या त्याच्या खुणा. एक्सलरेटरवर गाडी चढावर रोखून धरण्याने तो सर्वांत लवकर जातो, हँडब्रेक ओढा. क्लच नवा घातल्यावर स्कॅनरने लर्निंग (नव्या क्लचची जागा संगणकाला शिकवणं) केलंच पाहिजे. ते न करता गाडी दिली तर नवा क्लचही झटके देईल, आणि दोष मात्र सुट्या भागावर येईल.

प्रश्न : २०१५ची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून पिकअप कमी वाटतो. पेट्रोलमुळे असेल? — नागपूर

उत्तर : काही अंशी. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. म्हणून इंजिन जास्त इंधन सोडतं : ई१०वरून ई२०वर गेल्यावर फ्युएल ट्रिम ३ ते ५ टक्के वाढलेली दिसणं स्वाभाविक आहे. तेवढ्याने निरोगी गाडी अडखळत नाही. पण पंप थकलेला किंवा फिल्टर अर्धा तुंबलेला असेल, तर जास्त इंधन पुरवताना त्याची कमजोरी उघड होते. ट्रिम १०च्या पुढे असेल तर आधी प्रेशर मोजा. शिवाय २०१५च्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील मऊ पडलेत का, पाझरतात का, हे लिफ्टवर चढवून पाहाच. पेट्रोलची गळती आगीला आमंत्रण आहे.

प्रश्न : टर्बो आणि ड्राय ड्युअल क्लचची (तेलात न बुडालेल्या दोन क्लचची) गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासाभराने सुटायला वेळ लावते. — ठाणे

उत्तर : क्लच तापतात. पुढच्या गाडीमागे हात-हातभर सरकू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जा, म्हणजे क्लच अर्धवट घासत राहणार नाही. तापल्याचा इशारा आला तर बाजूला घेऊन पी मध्ये उभी करा, इंजिन चालू ठेवा. सकाळी गार असतानाही हाच त्रास असेल तर क्लचचा विचार सोडा आणि इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागाचे) पाइप पाहा : जोडावर तेलकट डाग आणि दाबल्यावर फुस्स आवाज म्हणजे टर्बोची हवा तिथून निसटते आहे. बऱ्याचदा फक्त क्लॅम्प ढिला असतो.