सौर औष्णिक प्रकल्पातला ७०० अंशांचा हीट एक्स्चेंजर थ्रीडी प्रिंट करता येईल का? मिश्रधातू कोणता घ्यावा?

येतो. पण मिश्रधातूच्या आधी पावडरीचं बोलतो (धातूची पावडर थराथराने वितळवून जॉब बनतो, न वितळलेली आत अडकून राहते), कारण तुमचा प्रश्न वाचून आमचा वाया गेलेला जॉब आठवला.

पुण्यात मेटल प्रिंटिंगच्या शॉपवर होतो तेव्हा असाच नमुना आला होता. हेन्स २८२ या निकेलच्या मिश्रधातूचा, आत सुपरक्रिटिकल (प्रचंड दाबाखालच्या, गरम) कार्बन डायऑक्साइडसाठी मिलिमीटरभर रुंद, नागमोडी २४ वाहिन्या. त्यांची खालची तोंडं बिल्ड प्लेटवर (ज्या जाड पत्र्यावर जॉब छापत नेतात तिच्यावर) टेकलेली, म्हणजे बंदच. मी म्हटलं, प्लेटच्या जरा वर बाजूला भोकं ठेवू, पावडर तिथून काढू, मग वेल्डिंगने बुजवू. साहेब म्हणाले, "एवढ्या दाबाच्या पार्टला तू मुद्दाम भोकं पाडणार?" जॉब प्लेटसकट भट्टीत गेला. भट्टीत तापवून आतला ताण काढल्याशिवाय वायरकटला (ठिणग्यांच्या तारेने प्लेटवरून कापायला) लावला की जॉब वाकतो, ते बरोबरच. पण आतली पावडर त्या भट्टीतच भाजून चिकटते. कापल्यावर पाणी सोडलं, तर नऊ वाहिन्यांतून आलं. बाकीच्यांत पियानो वायर घातली, ती बोटभर जाऊन अडली आणि टोकाला करडे, कडक कण घेऊन बाहेर आली. तीन दिवसांचं प्रिंट भंगारात.

तेव्हापासून मी वजनावर अडून बसतो. रिकाम्या प्लेटचं वजन आधी घ्यायचं, साफ केल्यावर जॉबसकट घ्यायचं. फरक मॉडेलच्या घनफळाशी (छापताना दिलेले आधार म्हणजे सपोर्ट धरून, २८२ ची घनता ८.२७ ग्रॅम प्रति घन सेंमी) जुळेपर्यंत भट्टी लावायची नाही.

मिश्रधातू म्हणाल तर २८२ किंवा इन्कोनेल ७४०एच. इन्कोनेल ७१८ सगळ्यांच्या हातचा आहे म्हणून घेऊ नका, ६५० अंशांच्या वर त्याचं बळ टिकत नाही. आणि उष्णता वाहून नेणाऱ्या ५६५ अंशांच्या वितळलेल्या नायट्रेट मिठावरच भागणार असेल तर स्टेनलेस घ्या, प्रिंटिंगच्या फंदात पडूच नका.

हो, एक राहिलं. प्रिंट केलेल्या २८२ चे ग्रेन (धातूतले स्फटिककण) बारीक असतात. टेन्साइल (ओढून तोडायच्या चाचणीचा) रिपोर्ट झकास येतो, पण क्रीपला (तापलेला धातू भाराखाली हळूहळू ताणला जाणं) तो घडीव मालाहून कमी पडू शकतो. बिल्डच्या दिशेने आणि आडवा, दोन्ही नमुन्यांचे क्रीप रिपोर्ट मागा. हीट ट्रीटमेंटही घडीव मालाची जशीच्या तशी उचलू नका.

भोकांना तुमच्याकडे कुणी नाही म्हणालं, तर पावडर कुठून काढणार ते ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवायला सांगा. बुजवलेल्या भोकाचा एक्स-रे काढता येतो, प्रेशर टेस्ट घेता येते. आमच्या साहेबांना मी हेच सांगत होतो.