पोहायला फारसं येत नाही, फॅमिलीसोबत बोटीवरून कोरल बघायचेत, तर स्नॉर्केलिंग करावं की स्कूबा?

तुम्ही लिहिलंय की तुम्हीपण नाशिकचेच, मुलं 8 आणि 12 वर्षांची, सोबत आई येणार आणि घरात नीट पोहता येणारं एकच माणूस. माझं सरळ उत्तर आहे स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून वरच तरंगत खाली बघायचं. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाणं, नंतर, आणि तेही ज्याला मनापासून करायचंय त्यानेच. पण दोन्हीच्या आधी इथेच महिनाभर मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय करा.

हे एवढं ठासून सांगतेय कारण आमच्याकडे उलटं झालं होतं. माझे बाबा लहानपणी गोदावरीत पोहायला शिकलेले, आमच्यात सगळ्यात पक्के पोहणारे तेच, पण मालवणला पहिल्यांदा मास्क लावला आणि नाक बंद झाल्याबरोबर असे गडबडले की दोन मिनिटांत बाहेर. (मिशीतून पाणी पण आत येत होतं, त्यावर नंतर उपाय कळला, मिशीला वरच्या कडेला व्हॅसलीन लावायचं.) आणि आई, जिला पोहायला अजिबात येत नाही, तिने पुढच्या ट्रिपआधी नाशिकच्या सावरकर जलतरण तलावावर कोचना विचारून कडेच्या उथळ पाण्यात रोज वीस मिनिटं नुसतं तोंड पाण्यात घालून श्वास घेतला, तीच नंतर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. गंगापूर धरणात मात्र असले प्रयोग करू नका, तळाचा अंदाज येत नाही.

ती पुढची ट्रिप म्हणजे ऑस्ट्रेलियातली व्हिटसंडे बेटं. दादा-वहिनी तिकडेच राहतात, दादाला शिडाची बोट चालवता येते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी मिळून पाच दिवस कॅटमरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) घेतली. तिथे कप्तानाशिवाय बोट भाड्याने मिळते, आधी अर्धा दिवस सगळं समजावतात, रोज रेडिओवर कुठे आहात ते सांगायचं आणि दुपारी चारच्या आत नांगर टाकायचा. बोट लागत असेल तर अवोमिनची गोळी निघायच्या आदल्या रात्रीच घ्या (मुलांना किती ते डॉक्टरांना विचारून), ढवळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग होत नाही, आमचा पहिला दिवस त्यातच गेला.

तिथे भरती-ओहोटीचा फरक उधाणाला चार मीटरपर्यंत जातो. ओहोटीला कोरलवर इतकं कमी पाणी उरतं की पोट घासतं, आणि मधल्या वेळात बेटांमधून पाण्याला जोरात ओढ असते, म्हणून आम्ही भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्याच्या आसपासच उतरायचो. आईला लाइफ जॅकेट आणि हातात फोमचा नूडल (तरंगणारी लांब नळी), वहिनी कायम शेजारी, दादा डिंगीत (छोट्या होडीत) बसून लक्ष ठेवणार. सगळ्यांना डोक्यापासून घोट्यापर्यंत लायक्राचा सूट, कारण नोव्हेंबर ते मे तिकडे विषारी जेलीफिश असतात, आणि त्या सूटमुळे सनस्क्रीनही फारसं लागत नाही.

आणि मग खाली बघितलं की... मला वाटलं होतं रंगीबेरंगी बाग असेल, पण जिवंत कोरल बरेचसे तपकिरी-हिरवट असतात. कोरल हा प्राणी आहे, त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा डिग्री जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ते शैवाल बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढराफटक पडतो. म्हणजे पांढरा दिसला की सुंदर नाही, आजारी आहे. मुलांना हे आधी सांगा, ती खाली बघून स्वतःच ओळखायला लागतात. कान पाण्यात गेले की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, ते बारीक कोळंबीसारखे जीव. पॅरटफिश कोरल कुरतडतानाचा करकर आवाजही येतो, आणि पांढऱ्या वाळूतली बरीचशी वाळू त्याच्या पोटातून आलेली असते हे ऐकून माझी मुलगी दोन दिवस तेच सांगत फिरत होती.

आता श्वासाचं एवढं का म्हणतेय तर घाबरलेला माणूस पहिलं काय करतो, पाय टेकवायला बघतो, आणि खाली कोरल असतो. गोल दगडासारखे कोरल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तुमच्या एका पावलाखाली कित्येक वर्षं जातात. मालवणला आमच्या बोटवाल्याने दमलेल्या लोकांना "उभे राहा, दगडच आहे" म्हणून सांगितलं होतं, तो दगड नव्हता, आणि मीही उभी राहिले होते, ते मला अजून खुपतं. मालवण 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, किनाऱ्यावर सापडलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. कोणी उभं राहा म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा, नूडलवर तरंगत विश्रांती घ्या.

स्कूबा मी आणि माझ्या 13 वर्षांच्या मुलाने एक दिवस मोठ्या बोटीने बेटांपासून लांब बाहेरच्या हार्डी रीफला (कोरलच्या मोठ्या पट्ट्याला) जाऊन केलं. पहिल्यांदा करणाऱ्याला पाडी (PADI, डायव्हिंग शिकवणारी संस्था) च्या नियमाने वय किमान 10 आणि खोली जास्तीत जास्त 12 मीटर, म्हणजे तुमचा मोठा करू शकेल, धाकटा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे दुखायच्या आधीच, दर मीटरला नाक दाबून हळूच कान मोकळे करायचे, आणि श्वास कधीच रोखायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी नाहीच. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचं काही असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

परदेशातच जायला हवं असं नाही. मालवण-तारकर्लीला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, आणि अंदमान जमत असेल तर ते जास्त चांगलं. फक्त परतीचं तिकीट काढताना एक बघा, डायव्हनंतर किमान 18 तास विमान नको, आणि घाट चढून उंचावर जाणंही त्याच हिशोबात धरतात. आपलं नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, त्यामुळे मालवणहून गाडीने येणार असाल तर डायव्ह सकाळी करा, ती रात्र तिथेच काढा आणि दुसऱ्या दिवशी जेवून मगच घाटाला लागा.