दुपारनंतर बर का येतो?

प्रश्न : काका, फिटरचा आयटीआय करून सात महिन्यांपूर्वी मी भोसरीत फायबर लेसरवर, म्हणजे लेसरनं पत्रा कापायच्या मशीनवर, हेल्पर म्हणून लागलो. ८ मिमी एमएस (साधं पोलाद) सकाळी स्वच्छ कापलं जातं. दुपारी तीननंतर खालून बर, म्हणजे कडेला गोठलेल्या धातूची खरखरीत धार, चिकटायला लागतो. ऑपरेटर पॉवर वाढवतात, तासभर बरं चालतं, पुन्हा तेच. ग्राइंडिंग माझ्या वाट्याला येतं. आई म्हणते, त्या उजेडानं डोळे जातील. काय करू?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : तू वेळ टिपून ठेवलीस, याचं मला फार कौतुक वाटलं. प्रोग्रॅम तोच, शीट तीच, तरी दुपारनंतर बिघडतं, म्हणजे काहीतरी तापतंय. माझा पहिला संशय हेडमधल्या प्रोटेक्टिव्ह ग्लासवर, म्हणजे लेन्स झाकणाऱ्या काचेवर. पिअर्सिंगला (पत्र्याला पहिलं भोक पाडताना) उडालेला कण काचेवर बसला की तिथं किरणाची उष्णता मुरते, काच तापते आणि फोकस सरकतो. मग वितळलेलं लोखंड खाली नीट फेकलं जात नाही, ते कडेलाच गोठतं. अशात पॉवर वाढवली की काच आणखी तापते.

हे मी स्वतः करून बसलोय. चाकणला रात्रपाळीत ऑर्डर संपवायच्या घाईनं तीनदा पॉवर चढवली. काच तडकली, काजळी वर फोकस लेन्सपर्यंत गेली. काच बदलायला पाच मिनिटं लागली असती. लेन्ससाठी मशीन तीन दिवस उभं राहिलं.

ऑपरेटरना म्हण, ‘दादा, पॉवरच्या आधी एकदा काच बघू या का?’ लेसर बंद, पंखा बंद, हातात नवे मोजे. काच काढली की उघड्या खाचेवर लगेच टेप लावायची, धूळ आत जाता कामा नये. बॅटरीच्या उजेडात काच तिरकी धरून बघ. काळा ठिपका भाजलेला असेल तर पुसत बसू नका, नवी घाला. काच स्वच्छ निघाली तर नोझलखाली (हेडच्या टोकाखाली) चिकटपट्टी लावून एक हलका शॉट द्या. भोक मधोमध हवं. बर एकाच बाजूला येत असेल तर मी आधी हेच बघतो. ठिणग्याही बघत जा, पण मशीनभोवतीच्या बंद केबिनच्या काचेतूनच. त्या सरळ खाली पडायच्या सोडून मागं ओढल्यासारख्या दिसल्या तर स्पीड जास्त आहे.

आईची काळजी खरी आहे. फायबर लेसरचा किरण साधारण १.०७ मायक्रॉनचा, डोळ्याला दिसत नाही, पण थेट आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी तेव्हा समजत नाही. वेल्डिंगचा काळा चष्मा इथं चालत नाही; या तरंगलांबीचा आकडा छापलेलाच हवा. केबिनचं दार बंद असेल तर तुझे डोळे सुरक्षित आहेत. दार उघडलं की लेसर थांबवणाऱ्या स्विचला लोहचुंबक लावून फसवून दार उघडं ठेवून कटिंग चालत असेल, तर ते आजच मालकांच्या कानावर घाल. हेल्परला हे बोलणं जड जातं, मला ठाऊक आहे. तरी बोल.